सरांचा डावा हात

तपासणीच्या सळईचं टोक प्लासिड सरांच्या दातावर टेकलं होतं. पडद्यावर मात्र ते दाताच्या बाहेर, गालाकडे सरकलेलं दिसत होतं. डॉक्टर क्षितिजाने सळई उचलली आणि पुन्हा त्याच दातावर टेकवली. पुन्हा तेच.

तिच्या पाठीमागे वसई-विरारमधले पाच-सहा डेंटिस्ट माना उंच करून उभे होते. जबड्यात ड्रिल नेमकं कुठे फिरतंय हे कॉम्प्युटरवर दाखवणारं मशीन दोन हजार पाच साली या भागात पहिल्यांदाच आलं होतं. तेही एका दिवसापुरतं, मुंबईहून टेम्पोत घालून, क्षितिजाच्या खटपटीने. आणि खुर्चीत कोण, तर खुद्द डॉक्टर प्लासिड! निर्मळच्या त्यांच्या दवाखान्यात, त्यांच्या हाताखाली क्षितिजा घडली होती. "हातच्या काकणाला आरसा कशाला? इतकी वर्षं आम्ही काय आंधळी कोशिंबीर खेळत होतो?" अशी या मशीनची त्यांनी यथेच्छ टिंगल केली होती. तेच सर आपणहून तोंड उघडून बसायला तयार झाले, तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली.

सरांना दात हवेच होते. ते गावच्या ब्रास बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ओठांनी फुंकायचा छोटा पितळी कर्णा, वाजवायचे. खालच्या ओळीतले चार दात पडले आणि कॉर्नेट पेटीत गेलं. आता मे महिन्यात नातीचं, क्रिस्टिनाचं लग्न होतं आणि आजोबांनी वाजवल्याशिवाय मी चर्चमधून बाहेर पाऊल टाकणार नाही, असं तिने बजावलं होतं. पण नव्या दातांसाठी हाडात जिथे स्क्रू बसवायचे, तिथूनच खालच्या ओठाची नस जाते. ड्रिल जरा चुकलं, तर ओठ कायमचा बधिर. मग कसलं कॉर्नेट आणि कसली फुंकर.

इंजेक्शन देऊन झालं होतं. "दुखलं तर डावा हात वर करा, सर," क्षितिजा हसत म्हणाली होती. हे वाक्यही तिने सरांकडूनच उचललेलं. सरांनी हात तेव्हाच वर केला. "अजून सुरुवातच नाही केली, सर," म्हणत तिने तो दोनदा खाली ठेवला. दोन्ही वेळा तो आपला पुन्हा वर. म्हातारा घाबरलाय, असं तिला वाटलं. तिला त्यांची फार माया आली.

"मॅडम, सकाळी सगळं सेट केलंय," मशीनवाला तिच्या कानाशी कुजबुजला. "थोडा फरक येतो कधी कधी. हाताने सांभाळून घ्या ना. सगळे बघतायत."

बघत होते खरेच. आता थांबलं तर मशीन संध्याकाळी परत जाणार, आणि चारचौघांत आपण तोंडघशी पडणार. मग तिने सरांच्या ओठाकडे पाहिलं.

"नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "दात जागेवर आहे. पडदा चुकतोय. आज ड्रिल चालणार नाही."

तिने सरांच्या तोंडातली प्लास्टिकची पट्टी काढली. त्या पट्टीत धातूचे ठिपके होते. हीच पट्टी घालून सरांचा स्कॅन काढला होता आणि त्या ठिपक्यांवरूनच कॉम्प्युटर त्यांचा जबडा ओळखत होता. क्षितिजाने ती सरांच्या दातांच्या साच्यावर बसवून पाहिली. एक कोपरा वर राहत होता. प्लास्टिक गरम पाण्यात वाकलं होतं, आणि स्कॅनपासून पट्टी होती सरांच्या घरी.

बाहेर बाकावर सरांची बायको बसली होती. मॅग्डलीन आंटी म्हणजे जुन्या काळातल्या नर्स. घरातले चमचेसुद्धा उकळून घेणाऱ्या.

"आंटी, पट्टी उकळलीत का तुम्ही?"

"मी? तूच बोललीस ना, थंड पान्यात ठेवायची! मी तिला हात पन नाय लावला!" आंटी भडकल्या. त्यांच्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही.

पाहुणे पांगले. मशीन टेम्पोत चढलं. क्षितिजा सरांच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"सॉरी, सर. लग्नाच्या आत दात बसवायचे होते तुमचे."

"आंटीला काय बोलू नको," सर बधिर जिभेने बोबडं बोलले. "पट्टी मीच बुडवली. चहाच्या आधणात."

क्षितिजा ताडकन उभी राहिली. "सर! आणि मी तपासलं नसतं तर? ओठ गेला असता तुमचा!" रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मशीन चांगलंय गो. माझी तक्रार मशीनची नाय. ते आल्यावर तू दाताकडे बघतेस की पडद्याकडे, तेवढंच बघायचं होतं. पुढच्या सोमवारी परत येतंय ते. त्या मशीनवाल्याशी मी कालच बोलून ठेवलंय."

"कालच? म्हणजे मी थांबणार, याची तुम्हाला खात्री होती?"

"होती की."

"मग तो हात कशाला धरला होता वर?"

सर अर्ध्याच ओठाने हसले. "खात्री होती. पण ओठ माझा होता ना, बाय!" मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली आणि पोटावर ठेवली. "सोमवारी हे असे ठेवून पडतो."