बावखलातली एकटी

"काहीच नाही, अंकल," पिंजरा झटकत एलिसा म्हणाली. आत शेवाळ होतं आणि वेफर्सचं रिकामं पाकीट.

फ्रेडरिकने बोटांवर मोजलं. सलग दुसरा रविवार. तिसऱ्यांदा पिंजरा रिकामा निघाला की काम संपलं, आणि एलिसाचं येणंही.

माणिकपूरमागच्या त्याच्या वाडीत गोड्या पाण्याचं हे जुनं बावखल, म्हणजे लहानसं तळंच. आता तिन्ही बाजूंना इमारती, त्यांचं सांडपाणी ह्यात. कुणीतरी घरच्या काचेच्या टाकीला कंटाळून क्रेफिश आणून सोडली होती. दिसायला कोळंबी, नांग्या खेकड्याच्या. त्या वाढत जाऊन तळ्यातलं सगळं फस्त करतात, म्हणून त्यांना पकडून, मोजून संपवायला कॉलेजातून एलिसा आली, त्याला वर्ष झालं. शनिवारी संध्याकाळी ती स्वतः पिंजरा लावायची, त्याला हात लावू देत नसे. रविवारी चर्चमधली मिस्सा आटपली की उघडायची. आधी ढिगाने निघाल्या. मग कित्येक महिने नेमकी एकच.

"एक उरली तरी पुरे. हिला नर लागतच नाही," ती सांगायची. "एकटीच अंडी घालते. पिल्लं हुबेहूब तिच्यासारखी."

"मग बोलते कुणाशी?"

"अंकल!"

"नाही, विचारलं. माझी बायको मार्गारेट गेल्यापासून मी फ्रिजशी बोलतो. तो निदान गुरगुरतो तरी."

मग व्हरांड्यात चहा-पाव. एका क्रेफिशची लांबी मोजायला दुपार होते, ह्या शास्त्राचा त्याला फार आदर वाटे.

"एव्हरशाईनच्या फ्लॅटवर तुझी वाट बघणारं कुणी नाही?"

"गॅलरीत कबूतर आहे. पण ते माझ्याकडे पाठ करून बसतं."

आज मात्र चहा लवकर संपला.

"पुढच्या रविवारीही रिकामा निघाला तर?" त्याने विचारलं.

"तर अभिनंदन. तुमचं बावखल सुटलं," ती म्हणाली, दुखवट्याला आल्यासारखी.

शनिवारी दुपारी फ्रेडरिक स्टीलचा डबा घेऊन शोभेच्या माशांच्या दुकानात शिरला. कुमसाराला, पापांची कबुली देताना, फादरना काय सांगायचं, हा प्रश्न त्याने वाटेतच सोडवला होता. दहा आज्ञांत क्रेफिशचं नाव नव्हतं.

"क्रेफिश आहे?" त्याने हळूच विचारलं.

"आजच आल्या, अंकल. दोन आठवडे मालच नव्हता. थांबा हां, आधी ह्या मॅडमना देतो. जुनं गिऱ्हाईक आहे."

टाक्यांच्या पलीकडून एलिसाचा आवाज आला, "नेहमीसारखी एकच, दादा. पाणी भरपूर घाला, वाडीपर्यंत जगली पाहिजे."