पातळ फळी

आईला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. मागून कुणी आलं की ती दचकायची. तिच्या खोलीत लाकडी जमीन करायची ठरली, तेव्हा मी सुतारकाकांना म्हटलं, "चांगल्या जाड फळ्या घाला."

"ताई, उलट पातळ घेऊ," ते म्हणाले. "पाऊल पडलं की फळी थरथरेल. कुणी आलं की आईंच्या तळपायाला कळेल. आणि वर पॉलिश नको, नुसतं तेल देऊ, म्हणजे त्या घसरणार नाहीत."

मला हे सुचलंच नसतं. फळ्या बसल्या आणि आईचं दचकणं थांबलं. मी आत पाऊल टाकलं की ती वळून हसायची. काकांचे आभार किती मानावेत, मला कळेना.

महिन्याने, एका दुपारी, ते फळ्या तपासायला आले. जमिनीवर तळवा टेकून सांधे बघत होते. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. आई पलंगावर पाय खाली सोडून बसली होती.

"तुमचे उपकार फिटायचे नाहीत," ती काकांना म्हणाली. "हे रोज याच वेळी येतात. इतकी वर्षं मला कळतच नव्हतं हो. बिचारे तसेच उभे राहून परत जायचे."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी ओशाळून काकांकडे पाहिलं. म्हातारपण आहे, मनावर घेऊ नका, असं मी उंबऱ्याबाहेरूनच सांगणार होते.

तेवढ्यात आई दाराकडे वळून हसली आणि पलंगावर जरा सरकून बसली.

काकांनी तळवा झटकन उचलला, आणि अंग चोरून वाट दिली.