नाकुलेची माती

शोंगाने कोळशाने एक सरळ रेघ ओढली, खडूच्या नदीपासून थेट विटांच्या डोंगरापर्यंत. मग हात पुसून तो अदबीने म्हणाला, "बा सांपा, तुमची हरकत नसेल तर हीच सीमा. अलीकडे तुमची टोळी, पलीकडे माझी. पुन्हा युद्ध नाही."

सांपाला ते 'बा' कुसळासारखे रुतले. थोरांच्या किंवा परक्यांच्या नावाआधी लावायचे ते. महिन्यापूर्वीपर्यंत तो तिला माकडखाऊ म्हणत असे आणि ती त्याला उंदीरखाऊ. ती बेम्बा जमातीची, तो न्गोनी जमातीचा. दोघांच्या पूर्वजांनी एकमेकांची गावे बेचिराख केली होती आणि त्या वैराचेच पुढे थट्टेचे नाते झाले. या नात्यात काहीही बोलावे, कुणी राग धरू नये. माफी तर कधीच मागू नये. माफी परक्यांची मागतात.

काब्वे शहरात मुतिंताच्या शिवणाच्या दुकानामागे, सिमेंटच्या ओट्यावर, सगळा कोरडा ऋतू हा खेळ रंगला होता. चार जण, चार टोळ्या. फासे नाहीत, पत्ते नाहीत. आपापली टोळी नुसती बोलून घडवायची. आधी विस्तव, मग मडके, मग बी. टोळीची माणसे म्हणजे दाणे. सांपाची भुईमुगाची, शोंगाची मक्याची. दोन टोळ्यांमध्ये काही घडायचे तर दोघांनी हो म्हटले पाहिजे, एवढाच नियम. तो राखण्याचे काम मुतिंताचे. ती वयाने मोठी होती आणि टोंगा, म्हणजे तिसऱ्याच जमातीची असल्यामुळे या दोघांच्या भांडणात तिला मजा वाटायची.

एका शनिवारी सांपा दवाखान्यात अडकली आणि तिच्या पाठीमागे, तिच्या होकाराचा नियम मोडून, शोंगाच्या टोळीने तिच्या टोळीच्या कणग्या जाळल्या. पुढच्या शनिवारी ती आली तर ओट्यावर काळे डाग. माकडांना धान्य कशाला, झाडावर चढा, असे शोंगा हसत म्हणाला होता. तो नात्याने पुढे केलेला हात होता. सांपाला तो घेता आला नाही. तिच्या टोळीतल्या प्रत्येक पोराला तिने नाव दिले होते. थट्टा पुरे, माफी माग, असे ती सर्वांसमोर म्हणाली.

शोंगा उभा राहिला. ओंजळीने हलक्या टाळ्या वाजवत, जशी परक्या वडीलधाऱ्यांची मागतात तशी, त्याने तिची माफी मागितली. त्या दिवसापासून तो तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवू लागला.

तिने नंतर दोनदा त्याला मुद्दाम डिवचले होते. गिऱ्हाइकाकडे पाहून हसावे तसा तो हसला. माफी मागायला लावल्याबद्दल त्याची माफी मागावी, तर त्याच भिंतीवर आणखी एक वीट चढली असती. आणि सोमवारी तो सोल्वेझीच्या खाणीवर कामाला निघणार होता. आजचा डाव शेवटचा.

ऑक्टोबरचा वारा पत्र्यांवर धूळ आपटत होता.

"बोल बाई," मुतिंता म्हणाली. "तह चांगला आहे. हो म्हण, म्हणजे मी वितुंबुवाचे गोड गोळे तळायला घेते."

तह खरोखरच चांगला होता. न्याय्य होता. त्या रेघेत कुठे वाकडेपणा नव्हता, म्हणूनच ती ओलांडायला जागा नव्हती. दोन टोळ्या आता शतकानुशतके एकमेकींना काहीही न बोलता सुखाने नांदल्या असत्या.

"सीमेचं मागाहून बघू," सांपा म्हणाली. "आमची नाकुले गेली. आज पहाटे."

सगळे चमकले. नाकुले ही तिच्या टोळीची म्होरकी. पहिले बी पदरात बांधून जपणारी खमकी म्हातारी. सांपा घोगरा आवाज काढून तिचे बोलणे बोलायची, तेव्हा मुतिंताही शिवण थांबवून ऐकायची.

कशाने गेली, असे मुतिंताने विचारले. वयाने, सांपा म्हणाली. मग पुरा की, तुमची एवढी माणसे आहेत, मुतिंता म्हणाली.

"आमचे हात गळालेत. घरच्यांच्या हातून खड्डा खणला जात नाही." सांपाने नाकुलेचा भुईमुगाचा दाणा बोटाने सरकवत कोळशाच्या रेघेपार नेला. "ज्यांनी आमच्या कणग्या जाळल्या, त्यांनीच मातीला यावं."

काब्वेच्या दफनभूमीत हेच चालत आले होते. बेम्बाच्या घरी मयत झाली की न्गोनी न बोलावता कुदळी घेऊन येतात, खड्डा खणतात, आणि प्रेतालासुद्धा टोमण्यांतून सोडत नाहीत. पण ओट्यावरच्या या कोवळ्या जगात ही रीत अजून जन्मली नव्हती. ती जन्मायला शोंगाचा होकार हवा होता.

शोंगा दाण्याकडे पाहत राहिला. "बा सां..." त्याने सुरुवात केली आणि तो थांबला. मग त्याने दाणा उचलून तळहातावर धरला आणि त्याचे लाल साल अंगठ्याने हळूहळू सोलले.

"खणतो," तो म्हणाला. "पण हिचं तोंड आधी बांधून दे. नाहीतर खाली गेल्यावरही म्हणेल, खड्डा वाकडा खणलाय मेल्यांनो, परत खणा."

आणि सांपाने हात पुढे करायच्या आत त्याने तिची म्हातारी तोंडात टाकली.