चिनी ऋषी आणि ठिबक

"चिनी ऋषी म्हणतात," ज्ञानेशसर म्हणाले, "छाटलं म्हणून झाड मरत नाही. छाटल्या जागेखालच्या डोळ्यातूनच नवी फूट निघते."

समोर मयूर बसला होता. इंजिनिअरिंगला दोनदा नापास, आणि महिन्यापूर्वी गंगापूर धरणाच्या भिंतीवरून चौकीदारानं ओढून आणलेला. आता सातपूरला मित्राच्या खोलीवर राहत होता. वडिलांशी बोलणं बंद.

कॉलेज रोडवर, कपड्यांच्या दुकानावर सरांची खोली होती. 'प्राचीन चिनी तत्त्वज्ञानातून युवकांना मार्गदर्शन' अशी पाटी. मराठीतला उपदेश नाशकात घरोघर फुकट मिळत असल्यानं तो कोणी घेत नसे. चिनी उपदेशासाठी मात्र आधी नंबर लावावा लागे. टेबलावर कव्हर घातलेला जाडजूड ग्रंथ असे. सर तो कधी उघडत नसत. पाठ असावा.

गुरुवारी मयूरचे वडील पुंजाराम येत. मखमलाबादला त्यांचा गुलाबाचा मळा. फुलबाजार उरकून, फुलांची रिकामी पाटी जिन्यात ठेवून ते वर येत.

"पोरगं कसं हाय?"

"येतंय."

"मी येतो ते सांगू नका. माझं नाव निघालं की उठून जाईल."

मग दार लावून दोघं बराच वेळ बसत.

शुक्रवारी मयूरची पाळी असे.

"ऋषी म्हणतात, मुळाशी एकदम पाणी सोडू नये. थेंब थेंब द्यावं."

"चीनमध्ये तेव्हा ठिबक होतं का, सर?"

"भावानुवाद आहे," सर म्हणाले.

मयूर किंचित हसला. पहिल्यांदाच.

दसऱ्याच्या सुमारास ऋषी म्हणाले, वाट बघणाऱ्यानं उशीर का झाला ते विचारू नये. मयूर उठून खिडकीपाशी गेला.

"दिवाळीला जाईन घरी," म्हणाला.

पुढच्या गुरुवारी पुंजाराम आले नाहीत. शुक्रवारी मयूरही आला नाही.

दिवाळीच्या तोंडावर तो आला, तो मुंडण केलेल्या डोक्यानं.

"अप्पा गेले. मळ्यातच, फुलं तोडताना. मी पोचलो तेव्हा उचलायची तयारी चालली होती."

सरांनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"ऋषी काय म्हणतात, सर?"

सरांनी ग्रंथ पुढे ओढला. पानं एकमेकांना चिकटलेली होती. नखानं सोडवून त्यांनी चार ओळी वाचल्या.

मयूरनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे चिनी आहे, सर," तो म्हणाला. "अप्पांचं एखादं उरलं असेल तर सांगा."