थोरलीची नस

साल सत्त्याऐंशी. ऐन हिवाळ्यात शिवणाचं दुकान दुपारपुरतं बंद ठेवून दोघी बहिणी दवाखान्यामागच्या प्रयोगशाळेत गेल्या. थोरली गोल गरगरीत, धाकटी नुसती काडी. तिथले नळ्या शिवलेले दोन अंगरखे त्यांच्याच हातचे. एक ऐसपैस, दुसरा उशीच्या खोळीएवढा. नळ्यांतून गार पाणी फिरवायचं आणि जाड नि बारीक माणसांच्या नसा थंडीला कसं उत्तर देतात ते ऐकायचं, असा तरुण डॉक्टरीणबाईंचा अभ्यास होता. अंगरखे शिवणाऱ्यांच्याच मापाचे, तेव्हा पहिला मानही त्यांचाच.

थोरली गंमत म्हणून आली होती. धाकटीच्या मनात मात्र काटा होता. लहानपणी दोघींत पांघरूण एकच. थोरली ते तिच्या अंगावर ढकलायची. म्हणायची, "घे गं काडे. माझं पांघरूण माझ्या अंगातच आहे." आणि धाकटी खुशाल गुरफटून झोपायची. मोठेपणी तिला राहून राहून वाटे, ताई खरं बोलत होती का? विचारलं की थोरली हसण्यावारी न्यायची. आज नस बोलणार होती, आणि नसेला काही हसता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी अंगरखा घालून खाटेवर पडलेल्या थोरलीच्या गुडघ्याजवळ, नसेत, केसासारखी सुई टोचली. सुईची तार कोपऱ्यातल्या कर्ण्याला जोडलेली; त्यातून नसेचा आवाज येऊ लागला. लांब कुणीतरी अंगण झाडत असावं तसा.

"ही माझी नस?" थोरली म्हणाली. "एवढी हळू बोलते? अगदीच माझ्यावर गेली नाही."

"मावशी, हलू नका."

गार पाणी सुरू झालं. धाकटी श्वास रोखून ऐकत राहिली. झाडणं आपलं संथच. पाणी आणखी गार केलं. थोरलीने जांभई दिली.

"बघा, अंगावर मांस असलं की नस थंडीला लवकर दाद देत नाही," डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाल्या. "मला वाटलंच होतं."

"म्हणजे हिला खरंच थंडी वाजत नाहीये?" धाकटीने विचारलं.

"जवळजवळ नाहीच."

धाकटीने बाहीला डोळे पुसले.

"आता रडायला काय झालं?"

"काही नाही, ताई. तू खोटारडी नाहीस, एवढंच."

"मग! जन्मभर सांगतेय, पण गरिबाचं ऐकतंय कोण!"

थोरलीचं पाणी बंद झालं. आरामातली नसही ऐकायची म्हणून सुई तशीच ठेवून बाई धाकटीकडे वळल्या. शेजारच्या खाटेवर तिला अंगरखा चढवला, पाणी सोडलं. बघता बघता तिचे दात वाजायला लागले, ओठ निळे पडले.

तोच कर्णा खवळला. सगळ्या गल्लीची अंगणं एकदम कुणी खराट्याने झाडायला घ्यावीत तसा.

डॉक्टरीणबाई धावल्या. नळी चाचपली, तार चाचपली. "तुमचं पाणी तर बंद आहे, मावशी! थंडी वाजतेय का?"

"मला कुठली वाजतेय? तिला वाजतेय! आधी बंद करा ते!"

आणि थोरलीने आपल्या पायांवरची चादर ओढून शेजारच्या खाटेवर फेकली. सुई निघाली. कर्णा गप्प झाला.

डॉक्टरीणबाईंना पुढे पदवी मिळाली. पण सख्ख्या बहिणींना त्यांनी पुन्हा कधी एका खोलीत घेतलं नाही. बहिणींचं दुकान पुढे त्यांच्या एका भाचीने नावारूपाला आणलं. म्हातारपणी थोरली वाळून काडी झाली आणि धाकटी भरत भरत गोल गरगरीत. हिवाळ्यात सकाळी दोघी उन्हात खुर्च्या टाकून बसतात. शाल एकच बाहेर आणलेली असते. ती आता धाकटी ढकलते.

"अगं, आणि तुला?"

"मला कुठली थंडी! माझं पांघरूण माझ्या अंगातच आहे."

थोरली शाल घेते, नीट गुंडाळते. मग कंबर सांभाळत हळूहळू वाकते आणि धाकटीच्या गुडघ्याला कान लावते.