उलटे आकडे

फ्राउकाआजींनी बिस्किटांच्या डब्यातून कागदाचे बारा तुकडे काढून माझ्या टेबलावर ठेवले. "संग्रहालयाला देतेय. माझ्या आजीने लहानपणी कापलेले आहेत. विनोदी आहेत हो."

हे तुकडे ज्यातून कापले होते, ते एका सेंटला मिळणारं बारा चित्रांचं जुनं पान मला पाठ होतं. आमच्याकडे ते अख्खं आहे. पहिल्या चित्रात बारेंड सुतार बायकोपोरांसोबत जेवतोय. मग गुत्ता, मग नशेत कालव्यात पडणं, आणि शेवटी दारुड्यांना सक्तीने कामाला धाडायच्या त्या वसाहतीत दलदल खणणं. बाजारात लोक पोट धरून हसायचे म्हणे.

पण तुकड्यांच्या मागे पेन्सिलीने घातलेले आकडे जुळेनात. वसाहतीमागे एक, जेवणामागे बारा. कापणारी मुलगी डावखुरी होती म्हणून उलटीकडून मोजत गेली, की तिला गोष्टच कळली नव्हती? शेवटी आकडे सोडून मी छापील क्रमानेच तुकडे मांडायला घेतले.

आजींनी माझा हात धरला. "चुकतेयस, पोरी. वसाहत आधी."

"आजी, छापलेलं पान आहे माझ्याकडे. त्यात वसाहत शेवटी आहे."

"असेल. माझी आजी आणि तिची भावंडं मात्र रोज जेवायच्या आधी असंच मांडायची."

"पण उलटं का?"

"त्यांचे वडील त्या वसाहतीतच होते ना. जेवायच्या वेळेला त्यांना घरी आणायला लागायचं."