पहिला तांब्या

कापडे गावातली निम्मी पोरं ठमाबाईंच्या पायांवर न्हाली होती. आता बारा दिवसांच्या नातीला त्याच न्हाऊ घालायच्या. “पाणी फार वाफाळतंय, आई,” सून दर्शना म्हणाली. “मी हात घालून बघितला ना? कोमट हाय गो.” पाय पसरून ठमाबाईंनी रिवाजाप्रमाणे पहिला तांब्या स्वतःच्या नडग्यांवर ओतला, चेहरा जराही आक्रसला नाही. दर्शनाने बाळ त्यांच्या पायांवर ठेवलं, तोच तिला दिसलं: कातडी लालबुंद झाली होती. ठमाबाईंनी दुसरा तांब्या उचलला. दर्शनाने झटकन त्यात हात बुडवला आणि ती किंचाळली. पोळलेल्या हातानेच तांब्या भिरकावला. “आई, तुमचे पाय भाजलेत!” घाबरून ठमाबाईंनी बाळाजवळचा हात मागे ओढला. “सावकाश, तिने तुमचं बोट धरलंय!” पोटातच आवळायला शिकलेली इवली मूठ घट्ट मिटली होती. ठमाबाई खाली वाकून बघतच राहिल्या. “कवा धरलंन गो?”